पडद्याखालचे पाय

सकाळी उठल्यावर आधी चहा की आधी बाबांचा पाय, एवढीच निवड माझ्या हातात उरली होती. मी चहा निवडायचे. चहा घेतल्याशिवाय ते बँडेज सोडायची ताकद माझ्यात नसायची, आणि खरं सांगायचं तर चहानंतरही नसायची. पण निदान पोटात काहीतरी गरम असायचं.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या उजव्या पायाला साखरेची जखम झाली होती. सुरुवात एका फोडाने झाली. नवी चप्पल चावली, असं ते म्हणाले. मग अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरातून रिक्षाने दवाखाना, दवाखान्यातून मोठं हॉस्पिटल, हॉस्पिटलातून परत घर, असं करून करून माझ्या नाकी नऊ आले होते. शेवटी सर्जनने काही आडपडदा ठेवला नाही. पाय घोट्याच्या वरून काढायला हवा, लवकर काढायला हवा, नाहीतर विष वर चढेल आणि माणूस हातचा जाईल.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मला म्हणाले, चल घरी. रिक्षात बसल्यावर बोलले.

"आलो तवा दोन पाय घेऊन आलो. जाईन तवा दोन घेऊनच जाईन."

झालं. त्यानंतर हा विषय काढला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. माझा नवरा वापीला कारखान्यात, रविवारचा येणारा. तो फोनवर बापाशी भांडायचा आणि मग मला म्हणायचा, तूच सांग, तुझं ऐकतात ते. माझं ऐकतात! लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाने माझं एकच ऐकलं होतं, ते म्हणजे वरणात चिंच कमी घालायची का. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तसं हे म्हातारं. रोज त्यांचा पाय मी धुवायचे, रोज त्यातलं काळं थोडं वर सरकलेलं मला दिसायचं, आणि रोज मी म्हणायचे, आज बरं दिसतंय हं बाबा. असं बोलून बोलून माणूस आतून थकतो.

पाय बांधून झाला की मी हाटकेशला कामाला जायचे. तिथे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका बाजूला बॉक्स बनवणारे आणि दुसऱ्या बाजूला स्टीलची भांडी पॉलिश करणारे, यांच्या मधल्या गाळ्यात आमचं प्रिंटचं काम चालतं. बाहेरून कुणाला वाटायचं नाही, पण आत एसी, पांढरे हातमोजे आणि कापसापासून केलेला जाड कागद. जुन्या फोटोंच्या भारी प्रिंट आम्ही काढतो. ज्या लोकांच्या घरात मोठ्या भिंती आहेत, ते लोक त्या विकत घेतात. माझं काम स्पॉटिंगचं. जुन्या निगेटिव्हवर धूळ बसलेली असते, ओरखडे असतात, बुरशीची नक्षी असते. ते सगळं स्क्रीनवर मोठं करून एकेक ठिपका पुसायचा. पूर्वी डार्करूमच्या काळात हेच मी बारीक ब्रशने आणि शाईने करायचे. आता पेन आहे, पण मान तीच दुखते आणि डोळेही तेच.

त्या महिन्यात क्रिकेटचं काम आलं होतं. एक जुने फोटोग्राफर वारले, घरच्यांनी त्यांच्या निगेटिव्ह एका गॅलरीला दिल्या, गॅलरीने आमच्याकडे. कसोटी सामन्यांचे काळे-पांढरे फोटो. टोपी उंचावलेले फलंदाज, पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवरून उतरणारे कप्तान, झाडावर चढून मॅच बघणारी माणसं. इतिहास आहे, सांभाळून करा, असं शेठ रोज सांगायचे. मी मनात म्हणायचे, इतिहासालाही बुरशी लागतेच की.

क्रिकेट म्हटलं की आमच्या घरात बाबांची गोष्ट आलीच. बाबा कोळ्याच्या घरातले, जुन्या भाईंदरचे. बाप होडीवर, काका होडीवर, आणि बाबांना होडी लागायची. खाडी ओलांडेपर्यंत ओकून अर्धे व्हायचे. कोळ्याच्या पोराला होडी लागते म्हणजे गावाला हसायला विषयच मिळाला. शेवटी कुणीतरी मुंबईला एका क्रिकेटच्या मैदानावर त्यांना मजुरीला लावलं. गवत कापा, पाणी मारा, दोर ओढा. आणि मॅच असली की साइटस्क्रीन. गोलंदाजाच्या मागे तो मोठा पांढरा पडदा असतो ना, चाकांवरचा, फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून, तो ढकलायला बाबा. फलंदाजाने हात केला की बाजूला उभा मुकादम ओरडायचा, इकडे; पुन्हा हात केला की, तिकडे. वारा आला की कापड शिडासारखं फुगायचं आणि ते धरून ठेवायला कोळ्याचेच हात लागायचे, असं ते म्हणायचे.

गंमत अशी की पडद्यामागच्या माणसाला मॅच दिसतच नाही. समोर कापड. बाबांनी इतकी वर्षं मोठमोठ्या मॅच फक्त ऐकल्या. लोक ओरडले की कळायचं काहीतरी झालं. काय झालं, ते नंतर चहावाल्याकडून.

आणि त्यातली एक मॅच तर अशी की तिचा फोटो सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलाय. कॅलेंडरवर येतो, टीव्हीवर जुनं काही दाखवलं की येतो. जिंकल्यावर फलंदाजाने बॅट वर केलेली, दुसऱ्या हातात टोपी, आणि मागे नुसतं पांढरं. तो फोटो दिसला रे दिसला की बाबा जेवता जेवता बोट करायचे. "त्यात मी हाय."

कुठे, म्हणून विचारलं की म्हणायचे, त्या पांढऱ्याच्या मागं.

मग काय, घरात हशा. माझा नवरा तर लहानपणापासून याच्यावर बापाला चिडवायचा. म्हणायचा, मग त्या फोटोत मीपण आहे, जरा जास्तच मागे. सासूबाई होत्या तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, बगळा तो, पडद्यामागं पन बगळाच असंल. बगळा त्या त्यांना नेहमीच म्हणायच्या. कारण बाबांची उभं राहायची एक तऱ्हा होती. कुठेही थांबले, गॅलरीत, रेशनच्या लाइनीत, केबिन रोडला मी भाजी घेत असताना, की चप्पल काढायचे आणि एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पंज्यावर ठेवायचे. तसेच उभे, खांबासारखे. मला नवी नवरी असताना लाज वाटायची. नंतर सवय झाली. आता पायाला हे झाल्यापासून उभं राहणंच बंद झालं होतं.

तर तो फोटो आमच्या गाळ्यात आला.

मी स्कॅन उघडला आणि आधी ओळखलाच नाही. कारण कॅलेंडरवर येतो तो फोटो कापलेला असतो, फलंदाजाच्या गुडघ्यापर्यंतच. निगेटिव्ह त्याच्या दुप्पट मोठी होती. फलंदाजाचे बूट होते, खालचं गवत होतं, बाजूने मैदानात घुसणारी माणसं होती. आणि पांढरा पडदा पूर्ण होता, अगदी खालच्या कडेपर्यंत. त्या कडेच्या खाली एक फट होती. चाक, गवत, सावली.

माझी एक जुनी सवय आहे. सफाई करायच्या आधी मी फोटोतली एक अरुंद पट्टी कागदावर छापून बघते. स्क्रीनवर सगळाच कचरा वाटतो, कागदावर आल्यावर कळतं खरा कचरा कुठला. आणि पट्टी काढायची ती फोटोत सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं जिथे एकमेकांना लागतं तिथली, म्हणजे शाई बरोबर आहे का ते कळतं. या फोटोत ती जागा एकच होती, पडद्याची खालची कड. पट्टी काढली, खिडकीपाशी नेली, भिंग लावलं.

फटीत दोन पाय होते. अनवाणी. पँट वर दुमडलेली. एक पाय जमिनीवर, आणि दुसरा त्या पायाच्या पंज्यावर ठेवलेला.

मी पट्टी पुन्हा भिंगाखाली धरली.  बाजूने अख्खं मैदान धावत येतंय, फलंदाजाची बॅट आभाळात, आणि हा माणूस पडद्यामागे बगळ्यासारखा उभा. याला अजून कळलेलंच नाही काय झालंय ते. मला हसू येत होतं. घरात इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांची टर उडवली होती, आणि ते खरंच तिथे होते. ते पाय मी दुसऱ्या कुणाचे म्हणूच शकत नव्हते. रोज धुते मी ते पाय.

शेठना बोलावून दाखवलं. शेठ माणूस चांगला, त्यांनी भिंग लावून बघितलं, दोनदा क्या बात है म्हणाले, लगेच गॅलरीत फोन लावला. मला वाटलं, आता हे लोक खूष होतील. इतिहास इतिहास करतात, घ्या इतिहास. फोन बराच वेळ चालला. शेठ बाहेर पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होते, भांड्यांच्या पॉलिशच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. परत आले ते माझ्याकडे न बघता.

"वो बोल रहे हैं, दीवार पे किसको पैर चाहिए. निकाल दो."

पूर्ण फ्रेम त्यांना हवी होती, तीच त्यांची नवी गोष्ट होती, आजवर कुणी न बघितलेली. फक्त पडद्याखाली स्वच्छ गवत हवं होतं. बघणाऱ्याचं लक्ष पायांकडे जाईल म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करणार काय? मी नाही म्हटलं तर शेजारच्या टेबलावरचा करणार. आणि तो करेल त्यापेक्षा मी नीट करीन, हेही मला माहीत होतं. कामाची ही एक मेली खोड असते.

मग मी बसले आणि काढले पाय. बाजूचं गवत उचलायचं, तिथे लावायचं, सावली जुळवायची. आधी वरचा पाय गेला. मग खालचा राहिला, तो एकटा फारच विचित्र दिसायला लागला, म्हणून तोही घाईने काढला. सकाळी ज्या हाताने त्यावर मलम लावलं होतं, त्याच हाताने. काम सुरेख झालं. कुणाला शंका येणार नाही की तिथे कधी माणूस उभा होता. शेठ व्वा म्हणाले आणि मी पाणी प्यायला गेले. तिथे नळाशी उभी राहून थोडी रडले. माणूस अजून जिवंत आहे आणि आपण त्याला पुसतोय, असं काहीतरी मनात येत होतं. खरं तर मी नुसती दमले होते.

निघताना पट्टी मागितली. आमच्याकडे नियम आहे, चाचणीची पट्टी बाहेर जाऊ द्यायची नाही, कात्रीने फुली मारून टाकायची, नाहीतर उद्या कुणीतरी तीच फ्रेम करून विकेल. शेठनी कात्री हातात घेतली, मला वाटलं आता मारतात फुली. पण पट्टीच्या एका टोकाला फलंदाजाचा बूट आला होता, तेवढा त्यांनी कापून काढला. बूट गॅलरीवाल्यांचा, बाकी तुमचं, असं हिंदीत म्हणाले आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. मी ती डब्याच्या पिशवीत सपाट ठेवून आणली.

घरी बाबा पलंगावर बसले होते, पाय उशीवर. खोलीत तो वास होता, जो आता उदबत्तीने जात नव्हता. शेजारची बाई, जी दुपारी त्यांच्याकडे बघायला येते, ती दारातच मला म्हणाली की आज ताप आहे, जेवले नाहीत. सर्जनचा फोन येऊन गेला होता. उद्या सांगा नाहीतर मग आमच्याकडे आणू नका, असं काहीतरी तो म्हणाला होता. बाबांनी तेही टीव्हीच्या आवाजात बुडवलं होतं.

मी टीव्ही बंद केला. त्यांनी रिमोट शोधला, तो मी माझ्याकडे ठेवला. त्यांच्या मांडीवर पट्टी ठेवली, हातात भिंग दिलं आणि सांगितलं की हा तुमचा फोटो आहे, पांढऱ्याच्या खाली बघा.

खूप वेळ बघितलं त्यांनी. भिंग पुढे-मागे करत होते. मी वाट बघत होते की आता खूष होतील, नवऱ्याला फोन लाव म्हणतील, बघ म्हणावं मी होतो की नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पाय दिसतायत की," ते म्हणाले. काहीतरी चुकलं आपल्याकडून, अशा आवाजात.

मला कळेना. मग ते सांगायला लागले, थांबून थांबून, तापात. पडद्यामागचा माणूस हलला, दिसला, की फलंदाज हात वर करायचा, खेळ थांबायचा आणि संध्याकाळी मुकादम शिव्या घालायचा. दिसायचं नाही, हेच तर काम. म्हणून ते तसे उभे राहायला शिकले. दोन पायांवर माणूस सारखा चुळबुळतो, एका पायावर त्याला स्थिर राहावंच लागतं. नंतर ती सवयच लागली. आणि इतकं करून फोटोत पाय आले म्हणजे काय.

मोठ्या फोटोतपण दिसतात का, त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं माझ्या तोंडावर आलं होतं. रोज आज बरं दिसतंय म्हणणारी मी, एक खोटं आणखी काय जड होतं. पण त्या दिवशी जमलं नाही. म्हटलं, नाही बाबा, काढायला लावले. मीच काढले.

ते हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते.

"बरं केलंस बाय. चांगलं दिसत नव्हतं."

मी म्हटलं, मला आवडलं नाही. मला राग आला. तुम्ही तिथे होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंग पुन्हा पट्टीवर नेलं, आणि मग चादर बाजूला करून आपल्या बांधलेल्या पायाकडे बघितलं. एकदा पट्टी, एकदा पाय. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यामुळे त्यांना डावं-उजवं कळेना. हात पुढे करून हिशेब करत राहिले.

"यातला खालचा पाय कंचा गो?"

मीही एकदा मनात उलटसुलट करून बघितलं. "डावा, बाबा."

"आन् वरचा?"

"उजवा."

त्यांनी मान हलवली. पट्टी उशीखाली नीट सरकवली, भिंग मला परत दिलं.  मला वाटलं, झालं, आता पुन्हा रिमोट मागतील. मी उठून ताटाचं बघायला निघाले तेव्हा मागून आवाज आला.

"सांग त्या डाक्टरला, काप म्हनावं."

मी वळले. बाबा डावा पाय खाली सोडून जमिनीवर टेकवायला बघत होते. टेकवला आणि दाबून बघितला.

"त्या दिवशी पन सगला भार याच्यावरच होता. पडलो न्हाय."